आमची वाटचाल : चादर सकाळी सातला वॉर्डात

वडील सोलापुरात अशोक चौकाजवळच्या कारखान्यात जेकार्डवर सोलापुरी चादर विणायचे. मी चादरी धुतो, दवाखान्यातल्या पांढऱ्या. २००९ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड भाड्यानं घेतली, तेव्हा साठ किलोचा एक वॉशर, कपडे पिळून काढायचा सेकंडहँड हायड्रो आणि चादरींना इस्त्री करायचं कॅलेंडर मशीन एवढंच भांडवल होतं. कॅलेंडरवर माझा फार जीव. ओलसर चादर एकीकडून घातली की दुसरीकडून गरम, सपाट, एकही सुरकुती नसलेली बाहेर येते. तिच्यावरून हात फिरवल्याशिवाय मी घडी घालू देत नाही. पुढं काम वाढत गेलं, दुसरा वॉशर आला, बॉयलर आला.

मग २०१६ चा उन्हाळा. उजनी धरण वजा पातळीत, लातूरला रेल्वेनं पाणी. आमचा कारभार टँकरवर आणि टँकर बोअरचा. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चिकट साका धाग्यात बसतो. चादरी राखाडी पडल्या, कडक झाल्या. निर्जंतुक होत्या, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. ७१ अंशांवर पंचवीस मिनिटं झाल्याशिवाय माझा वॉशर कधी उघडला नाही. पण पोटाला टाके घालून उताणा पडलेल्या माणसाला अंश दिसत नाहीत. त्याला चादर टोचते.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एकशेवीस खाटांचं रुग्णालय. त्यांनी दोन ओळींचं पत्र देऊन काम काढून घेतलं आणि किलोमागं दीड रुपया कमी घेणाऱ्याला दिलं. चादरी अशा का व्हायला लागल्या, हे विचारायला एक फोन नाही. सात वर्षांत आमचा एक खाडा नव्हता, गणपतीत नाही की सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नाही. बॉयलरचा हप्ता थकला. घड्या घालणाऱ्या चार बायकांपैकी दोघींना घरी बसवावं लागलं. ते अजून सलतं.

टिकल्या त्या एकट्या मेट्रनबाई. वीस खाटांचं नर्सिंग होम, आमचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात छोटं काम. त्यांनी चादर मुठीत चुरगळली, गालाला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "अण्णा, साबण बदलत बसू नका. पाणी बघा." मी भिशी उचलली आणि पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवला. या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना सांगतो, पाण्यातले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर विसंबू नका, जडपणा मोजायचं हार्डनेसचं किट घ्या आणि रोज सकाळी पाणी तपासा. सॉफ्टनरला मीठ घालायला माणूस विसरतो, म्हणून ते काम स्वतःकडं ठेवा. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात; गरम पाणी लागलं की तो पक्का झालाच. आणि ज्या वॉर्डात क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक वापरतात तिथल्या कपड्यांना क्लोरीनचं ब्लीच दाखवू नका. तपकिरी डाग पडतो, जन्मात निघत नाही. चादर स्वच्छ असते, पण नातेवाईक म्हणतात रक्ताची घातली, आणि सिस्टरचे दहा शब्द त्यांची समजूत घालण्यात जातात.

सिस्टरच्या या शब्दांचं मोल मला त्याच वर्षी कळलं. मेट्रनबाईंनी एक प्रश्नावली दाखवली. अमेरिकेत दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांना ती पाठवतात आणि २००८ पासून रुग्णालयवार निकाल जाहीर होतात. तेव्हा तिच्यात प्रश्न होते: सिस्टरनं नीट ऐकून घेतलं का, डॉक्टरांनी समजेल असं सांगितलं का, बेल दाबल्यावर लवकर कुणी आलं का, खोली-बाथरूम स्वच्छ होतं का, रात्री शांतता होती का, घरी गेल्यावर काय काळजी घ्यायची ते सांगितलं का. चादरीचा प्रश्नच नव्हता. मला वाईट वाटलं. रुग्ण एकूण गुण देतो ते सगळ्यात जास्त सिस्टरच्या बोलण्या-वागण्यावर, असं तिथल्या अभ्यासांत वारंवार दिसलंय, हेही त्यांनीच सांगितलं.

माझा चेहरा बघून त्या मला वॉर्डात घेऊन गेल्या. कर्नाटकातल्या इंडीकडची एक आजी, ऑपरेशनचा तिसरा दिवस. सिस्टरनं तिला कुशीवर वळवलं, अर्धी चादर काढली, अर्धी नवी सारली आणि तेवढ्यात मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, झोप लागली का, दुखतंय कुठं. आजीनं तेव्हाच सांगितलं की रात्रीपासून लघवीला जळजळतंय. राऊंडला डॉक्टरांसमोर ती गप्पच होती. "गठ्ठा आला नाही," मेट्रनबाई म्हणाल्या, "की हीच सिस्टर कपाटं उघडत, फोन करत फिरते. मग बेल वाजत राहते."

तेव्हापासून आमची गाडी सातच्या आत वॉर्डात असते. गठ्ठे वॉर्डावार बांधलेले, वर ड्रॉ शीट म्हणजे कमरेखाली घालायच्या आडव्या चादरी, खाली मोठ्या चादरी, अभ्रे बाजूला. सिस्टरला मोजत बसावं लागू नये.

मोठं रुग्णालय अकरा महिन्यांनी परत आलं. त्यांच्याकडं दमट, आंबूस वासाच्या चादरी यायला लागल्या होत्या, कधी दुपारी बारापर्यंत गठ्ठाच नाही. रुग्णांच्या अभिप्राय अर्जांवर "बोलावल्यावर कुणी येत नाही" अशी तक्रार वाढली, तेव्हा त्यांनी सिस्टरांच्या बैठका घेतल्या, नोटिसा काढल्या. कपड्यांचा संबंध त्यांच्या शेवटी लक्षात आला. नव्या करारात वेळेची अट मीच घालून घेतली. दर मात्र त्यांनी दीड रुपया कमीचाच लावला, आणि जुना दर परत मिळवायला मला पुढं दोन वर्षं हेलपाटे घालावे लागले.