डिसेंबरातली घरघर

माझ्या संगणकाच्या कॅबिनेटमधील पंख्यांचा आवाज मला खुपू लागला तो मे महिन्यात नव्हे, तर डिसेंबरमध्ये. पुण्यातल्या थंडीच्या रात्री छताचा पंखा बंद असतो, खिडक्या लावलेल्या असतात, सदाशिव पेठेतली आमची गल्लीही अकरानंतर शांत होते आणि मग टेबलाखालची घरघर कानात भरते. मे महिन्यात हेच पंखे कितीतरी वेगाने फिरतात, तरी डोक्यावर छताचा पंखा गरगरत असल्यामुळे त्यांच्याकडे लक्षही जात नाही.

खरा त्रास वेगापेक्षा चढउताराचा होता. एकसारख्या मंद आवाजाची कानाला सवय होते, पण दर दोन मिनिटांनी वाढणाऱ्या आणि ओसरणाऱ्या आवाजाची कधीच होत नाही. बायोसने, म्हणजे संगणक सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्रामने, कॅबिनेटचे दोन्ही पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधले होते आणि ते तापमान, एखादे जड पान उघडले तरी, क्षणात पंधरा-वीस अंशांनी उसळते. तेवढ्या वेळात कॅबिनेटमधील हवा जराही तापलेली नसते. म्हणजे पंख्यांची ती धावपळ व्यर्थच असते.

पंखे चार पिनांचे असल्याने काम सोपे झाले. अशा पंख्याला १२ व्होल्टचा पुरवठा कायम मिळतो आणि वेगाची आज्ञा चौथ्या तारेवरून साधारण २५ किलोहर्ट्झच्या स्पंदांनी जाते. ही वारंवारता माणसाच्या श्रवणमर्यादेपलीकडची असल्यामुळे त्या स्पंदांचा आवाज ऐकू येत नाही. मी वापरतो त्या लिनक्स या कार्यप्रणालीत ही आज्ञा ० ते २५५ या अंकांत देता येते. पीडब्ल्यूएमकॉन्फिग हा पंखे तपासणारा प्रोग्राम चालवून पाहिल्यावर कळले, की माझा पुढचा पंखा ५० वरही फिरत राहतो, मात्र थांबलेला असताना सुरू होण्यासाठी त्याला ७० लागतात. हे दोन आकडे वेगळे असतात, हे लक्षात न घेतल्यास पंखा नुसताच थरथरत राहतो. वेग निम्मा केला, की आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो, त्यामुळे शक्य तितके खाली जाणे फायद्याचेच होते.

पण पंख्याने कोणाचे तापमान पाहावे? बराच विचार करून मी पुढचा पंखा हार्ड डिस्कच्या तापमानाला बांधला. लिनक्स ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, ड्राइव्हटेम्प या ड्रायव्हरमुळे, म्हणजे डिस्कचे तापमान लिनक्सला कळवणाऱ्या छोट्या प्रोग्राममुळे, ते इतर तापमानांप्रमाणेच वाचता येते. डिस्क सावकाश तापते, सावकाश निवते आणि खोलीतल्या उन्हाळ्या-हिवाळ्याचा अंदाजही तिच्यातून आपोआप मिळतो. ३२ अंशांपर्यंत किमान वेग आणि ४८ अंशांवर पूर्ण वेग, एवढी एकच रेषा मी फॅनकंट्रोल या तापमानानुसार पंख्यांचा वेग ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये आखली. डिसेंबरच्या रात्री डिस्क तीस अंशांच्या आसपास राहते, मेमधल्या दुपारी चव्वेचाळीसपर्यंत चढते. ऋतू बदलला म्हणून आकडे बदलावे लागले नाहीत. मागचा पंखा प्रोसेसरवरच ठेवला आहे, पण शेवटच्या पाच नोंदींच्या सरासरीवर. माझ्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी माझी ही मांडणी जशीच्या तशी उचलू नये, कारण डिस्कला कळेपर्यंत ते कार्ड चांगलेच तापलेले असेल.

एकदा माझीच चूक नडली. ड्राइव्हटेम्प मी हातानेच सुरू केला होता. संगणक पुन्हा चालू केल्यावर तो नव्हता, उपकरणांचे क्रमांकही बदलले होते, आणि फॅनकंट्रोलने जुन्या नोंदीशी मेळ न बसल्यामुळे सुरू होण्यास नकार दिला. चुकीच्या तापमानावर पंखा चालवण्यापेक्षा हा हट्टीपणा बरा, असे मला वाटते. आता तो ड्रायव्हर संगणकाबरोबरच सुरू होतो.

पंखे शांत झाल्यापासून मात्र रात्री डिस्कचीच टकटक ऐकू येऊ लागली आहे. तिच्या स्क्रूंखाली घालण्यासाठी रबरी वॉशर आणायला येत्या शनिवारी तपकीर गल्लीत जायचे आहे.