केस गळणाऱ्या घराला कोणता व्हॅक्यूम क्लीनर?

"घरात लॅब्रॅडॉर कुत्रा आहे, केसांनी जीव नकोसा झालाय. टिकेल असा एखादा व्हॅक्यूम क्लीनर सांगा ना." हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. संध्याकाळी आमच्या कुत्र्याला, बंड्याला, मैदानावर नेलं की कोणीतरी विचारतं. मांजराचं पिल्लू कोणाच्या घरी दिलं की चार-सहा महिन्यांनी त्या घरून फोन येतो. पूर्वी मी उभ्या उभ्या एखादं नाव सांगून टाकायचे. पण मॉडेलं दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात आणि घरागणिक फरशी वेगळी, जनावर वेगळं. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट बसून लिहिते.

आमचं घर पुण्यातलं, दोन बेडरूमचं. खाली टाइल्स, एक कापडी सोफा, दोन पलंग, एक सतरंजी. एक लॅब्रॅडॉर आणि दोन मांजरी. अकरा वर्षांतलं हे तिसरं मशीन. पहिलं चौदा महिन्यांत गेलं, दुसरं चार वर्षं चाललं, तिसऱ्याला आता सहावं वर्ष लागलंय. जे काही कळलं ते बहुतेक पहिल्यानं शिकवलं.

ते घेताना दुकानदार म्हणाला, "दोन हजार वॅट आहे, ताई. सगळं ओढून घेईल." मी वॅट बघून घेतलं. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं तो आकडा, केस किती उचलतं त्याचा नव्हे. युरोपात २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनर ९०० वॅटच्या वर विकायला परवानगी नाही, आणि तिथल्या गालिचे अंथरलेल्या घरांतही कुत्री-मांजरं आहेतच. हल्ली खोक्यावर किलोपास्कलचा, म्हणजे ओढीच्या जोराचा, आकडा असतो. तो वॅटपेक्षा बरा, पण तोही पाइपचं तोंड बंद करून मोजलेला असतो. टाइलवरचा सुटा केस उचलायला वारा भरपूर वाहावा लागतो, आणि सोफ्यात रुतलेला केस नुसत्या वाऱ्यानं निघतच नाही, तिथे ब्रशच लागतो.

चौदाव्या महिन्यात ते मशीन जळका वास सोडून बंद पडलं. गॅरंटी दोन महिन्यांपूर्वी संपलेली. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, या मॉडेलची मोटर आता येत नाही. मग ते रिक्षात घालून तपकीर गल्लीत, पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, नेलं. तिथे एका काकांनी माझ्यासमोर उघडलं, आणि ते दहा मिनिटं मी अजून विसरलेले नाही. त्यांनी आधी फिरत्या ब्रशच्या टोकाची टोपी स्क्रूड्रायव्हरनं उचकटली. आत बंड्याचे केस होते, पण केस म्हणून ओळखू येत नव्हते. दाबून दाबून त्यांची चकती झाली होती, कॅरमच्या सोंगटीएवढी, नमद्यासारखी घट्ट, आतल्या कडेला करपलेली. तिच्याखालचं बेअरिंग फिरायचं थांबलं होतं आणि भोवतीचं प्लास्टिक वितळलं होतं. मग त्यांनी मोटरमधले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे तुकडे, काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि शेजारी एक नवा ठेवला. नवा करंगळीच्या पेराएवढा, जुने हरभऱ्याच्या डाळीएवढे. "फिल्टर तुंबला की मोटरला हवा मिळत नाही," ते म्हणाले. "जी हवा कचरा ओढते, तीच मोटर थंड करते."

हे वाक्य मला दुकानात कोणी सांगितलं असतं तर! साध्या कोरड्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये तसंच असतं. फिल्टर भरला की ओढ कमी होते, मोटरवरचा भार उतरतो, ती आणखी जोरात फिरते आणि थंड करणारा वारा मात्र आटलेला असतो. आवाज चढा, बारीक होतो. आपल्याला वाटतं मशीन जोरात चाललंय. तो आवाज आला की बटण बंद करा, पाइप आणि फिल्टर बघा. ओलं-सुकं दोन्ही ओढणारी डबा-मशीनं असतात, त्यांत मोटर थंड करायची हवा बहुधा वेगळ्या वाटेनं येते. ती अशा चुका जास्त सोसतात. ज्यांच्या घरात दोन मोठी कुत्री आहेत आणि दिसण्याची फिकीर नाही, त्यांना मी तसलंच घ्या म्हणते.

टिकण्याचा हिशेबही करून बघा. युरोपच्या नियमात मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे आणि पाइप ४०,००० वेळा वाकवला तरी फाटता कामा नये, असं आहे. दिवसाला वीस मिनिटं धरली तर वर्षाला साधारण १२० तास होतात, म्हणजे ५०० तास चार वर्षांत संपतात. आठवड्यातून एकदा सोफा झाडणाऱ्या घरात तेच मशीन वीस वर्षं पडून राहील. केस गळणाऱ्या घराचा वापर रोजचा, म्हणून आपल्याकडे काहीतरी झिजणारच. तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, झिजलेलं मिळतं का? कार्बन, पाइप, फिल्टर, ब्रशचा रोलर, पट्टा. ही पाच नावं कागदावर लिहून न्या आणि विचारा, सुटी मिळतात का, केवढ्याला, कुठे. दुकानदाराला नसेल सांगता येत, तर सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि मगच पैसे द्या. माझ्या दुसऱ्या मशीनचा पाइप दोनदा बदलला, कार्बन एकदा. तिसऱ्याचे फिल्टर मी घेतानाच तीन जादा घेऊन ठेवले.

जादा फिल्टर का, तर पावसाळा. फिल्टर धुवा असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि चोवीस तास वाळवा असंही. जुलैत आपल्याकडे चोवीस तासांत रुमाल वाळत नाही. अर्धवट ओला फिल्टर घातला की आतली धूळ चिखल होऊन बसते, घरभर ओल्या कुत्र्याचा वास सुटतो आणि मोटरमध्ये दमट हवा जाते. एक धुतलेला दोरीवर, एक मशीनमध्ये, असे आळीपाळीनं वापरले की घाई होत नाही.

ब्रशबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. लांब केस, म्हणजे पर्शियन मांजर, स्पिट्झ, आणि घरातल्या बायकांचेही, ब्रशला गुंडाळले जातात. आखूड केस, म्हणजे लॅब किंवा आपलं गावठी कुत्रं, कापडात सुईसारखे घुसतात. मला विचाराल तर आखूड जास्त छळतात. नुसत्या टाइलवर ताठ केसांचा फिरता ब्रश लावू नका, तो केस पुढे उडवतो. तिथे साधं चपटं तोंड किंवा मऊ रोलर हवा. फिरता ब्रश सोफा, गादी आणि सतरंजीसाठी. त्यातही वाऱ्यावर फिरणारा आणि स्वतःची छोटी मोटर असलेला असे दोन प्रकार. वाऱ्यावरचा स्वस्त, पण फिल्टर थोडा जरी भरला तरी गादीवर टेकवल्या टेकवल्या थांबतो. मोटरवाला घेणं परवडत असेल तर तो घ्या. आणि रोलर हातानं निघतो का ते दुकानातच काढून बघा. मी दर रविवारी गॅलरीत पेपर पसरून बसते, रोलर काढते, शिवणाच्या छोट्या कात्रीनं केसांची वळं कापते आणि दोन्ही टोकांच्या टोप्यांखालून चिमट्यानं केस ओढून काढते. पाच मिनिटांचं काम. ज्या मशीनची टोपी उघडतच नाही, ते कितीही नावाजलेलं असलं तरी आपल्या घरचं नाही.

घरात कोणाला दमा किंवा शिंका असतील तर पिशवीवालं घ्या. मांजरामुळे शिंका येतात त्या केसांमुळे नव्हे. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या ग्रंथींत एक प्रथिन असतं, ते चाटता चाटता अंगभर लागतं, वाळतं आणि बारीक कोंड्याबरोबर हवेत तरंगतं. पारदर्शक डब्याचं मशीन दिसायला छान, पण डबा रिकामा करताना तो सगळा कोंडा तोंडावर येतो. पिशवी असली की गुंडाळून टाकून देता येते. हेपा म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर. खोक्यावर नुसतं 'हेपा टाइप' लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, आणि तोसुद्धा मशीनच्या फटींतून हवा गळत नसेल तरच कामाचा. चालू मशीनच्या जोडांजवळ हात धरून बघा, वारा लागतो का.

घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा एक सुरुवातीचा नमुनाच दम्यातून आलाय. अमेरिकेत ओहायोमधल्या कँटनला जेम्स मरे स्पँग्लर नावाचा सफाई कामगार होता. झाडताना उडणाऱ्या धुळीनं त्याला दम लागायचा. त्यानं पंख्याची मोटर, फिरता ब्रश आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र केलं आणि १९०८ साली त्याचं पेटंट मिळवलं. पुढे ब्रश, मागे पिशवी. आमच्याकडच्या मावशी झाडू मारताना केस उडून परत सोफ्यावर बसतात ते बघते तेव्हा मला तो माणूस आठवतो.

गोचिडांसाठीही हे मशीन मोठा आधार आहे. कुत्र्याच्या अंगावरून उतरलेली मादी भिंतीच्या फटीत, स्कर्टिंगमागे, पलंगाच्या सांध्यात जाऊन हजारोंनी अंडी घालते. अंगावर औषध लावलं तरी ती तिथे राहतात. बारीक तोंडाचं नोझल लावून त्या फटी रोज ओढा. मात्र गोचीड आत मरत नाही. पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका, डबा असेल तर बाहेर नेऊन साबणाच्या पाण्यात रिकामा करा. मांजराच्या ट्रेतली माती मात्र यानं कधीही ओढू नका. ती बारीक चिकणमाती फिल्टरमध्ये लिंपली जाते आणि ओल लागली की घट्ट होते. त्याला सुपली आणि झाडूच बरा.

बिनवायरचे आणि आपोआप फिरणारे? बिनवायरचं हाताला हलकं, म्हणून रोज वापरलं जातं हे खरं, पण बॅटरी काही वर्षांत मंदावते. बॅटरी सुटी निघत असेल आणि तिची किंमत सोसवत असेल तरच. आपोआप फिरणारं पलंगाखाली छान जातं, सोफ्यावर चढत नाही. घरात कुत्र्याचं पिल्लू असेल आणि त्याला अजून शी-शूची शिस्त नसेल, तर ते घेऊ नका. घरभर काय होईल ते सांगत नाही.

आणि आता जे मी आधी सांगायला हवं होतं ते. मशीनच्या आधी विंचरणी. लॅबच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला मऊ थर सुटतो तोच घरभर होतो. तो बंड्याच्या अंगावरून एका दिवसाआड बारीक तारांच्या ब्रशनं काढला की व्हॅक्यूमच्या पिशवीत निम्मेही केस येत नाहीत. अंग भादरून मात्र घेऊ नका, तो थर उन्हापासून त्याला जपतो. सोफ्यासाठी भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एका दिशेनं हात फिरवा, केसांच्या सुरळ्या होऊन हातात येतात. त्या उचलून टाका आणि मग मशीन लावा. माझं तिसरं सहाव्या वर्षात आहे त्यात या दोन गोष्टींचा वाटा मोठा आहे.

नवं मशीन आणलं की चार दिवस नुसतं खोलीत ठेवा, कुत्र्याला हुंगू द्या, मग दुसऱ्या खोलीत दार लावून सुरू करा. बंड्या पहिल्या दिवशी पलंगाखाली जाऊन थरथरत बसला होता, ती माझीच घाई. आता मशीन निघालं की तो उठून गॅलरीत जातो आणि दार लोटायची वाट बघतो.

विंचरणी आज संध्याकाळीच आणा. मशीन दसऱ्याला घेतलंत तरी चालेल, आणि जाताना एक रुपयाचं नाणं बरोबर ठेवा. रोलरच्या टोपीला खाच असते, बऱ्याच मशीनची ती नाण्यानं उघडते. दुकानदाराला विचारू नका, स्वतः फिरवून बघा.