भंडारदऱ्याच्या पाण्याभोवती, उन्हाच्या मागोमाग

भंडारदऱ्याला गाडीने फेरी मारायची तर आधी दिशा ठरवावी लागते. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडीत सुरू होतो आणि शेंडीतच संपतो. डावीकडून गेलं तर मुरशेत, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि मग पांजरे, उडदावणे करत परत. उलटही जाता येतं आणि बरेच जण तसंच जातात. पण हिवाळ्यात कॅमेरा घेऊन निघाला असाल तर रतनवाडीकडूनच सुरुवात करा, असं मी ठामपणे सांगेन. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, चांगला पंचवीस अंश दक्षिणेला सरकून उगवतो आणि पश्चिमेलाही तितकाच सरकून मावळतो. सकाळी ऊन रतनगडाच्या तोंडावर असतं, दिवस कलला की ते अलंग-मदन-कुलंग या गडांच्या कड्यांवर येतं, आणि संध्याकाळी घाटघरला उभं राहिलं की सूर्य समोर कोकणात उतरत असतो. फेरी उन्हाच्या बरोबरीने होते, कुठेही मागे पळावं लागत नाही.

आम्ही नाशिकहून पहाटे काळोखातच निघालो. दादा गाडी चालवणार आणि मी फोटो काढणार, ही वाटणी घरीच झाली होती. फोटो काढणाऱ्याने गाडी चालवू नये. वळणावर समोर काहीतरी दिसतं आणि नजर रस्त्यावरून हटते. घोटीत पेट्रोल भरून घेतलं, कारण पुढे गाडी अडली तर मदत मिळायला वेळ लागतो. हीटर मात्र लावू दिला नाही. बाहेरच्या गारठ्यात थंड झालेला कॅमेरा उबदार गाडीत आणला की लेन्सवर बाष्प धरतं आणि पुसत बसेपर्यंत चांगला उजेड निघून जातो. दादाने कानटोपी घातली आणि तक्रार केली नाही.

शेंडीच्या पुढे वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. इथे ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. पाण्यावरच्या पक्ष्यांना त्या घरघरीचा त्रास होतो.

मुरशेतच्या अलीकडे काठावर उतरलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. त्यामागचा जलाशय हिवाळ्याच्या सुरुवातीला बऱ्यापैकी भरलेला असतो, कारण शेतीसाठी पाणी सोडायची आवर्तनं नुकतीच सुरू झालेली असतात. पाणी काठोकाठ असलं की डोंगराचं प्रतिबिंब थेट झाडोऱ्यापाशी येऊन टेकतं. पाणी उतरलं की मधे चिखलाचा पट्टा येतो आणि चित्राचे दोन तुकडे पडतात.

त्या दिवशी धुकं होतं. त्यासाठी रात्रभर आकाश निरभ्र लागतं आणि वारा जवळजवळ पडलेला लागतो. दिवसभर तापलेलं पाणी रात्रीतून फारसं निवत नाही, वरची हवा मात्र गार पडते. पाण्यातून निघालेली वाफ त्या हवेत थिजते आणि पृष्ठभागावरून लडी निघाल्यासारखी चढू लागते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी पावसापाण्यापेक्षा वाऱ्याचा अंदाज आधी बघते. धुक्यात कॅमेऱ्याचं मोजमाप चुकतं. समोर सगळं पांढरं दिसल्यामुळे तो चित्र राखाडी करून ठेवतो, म्हणून एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून घ्यावं लागतं. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवला की सावलीतला निळेपणा टिकतो. तो निळेपणा पुसला तर गारठा फोटोतून निघून जातो.

धुक्यातून एक काका येताना दिसले. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसलेले, पाय पाण्यात, दोन्ही हातांत छोट्या फळ्या घेऊन पाणी मागे सारत. मागे जाळं ओढत होते. त्यांच्या पाठीमागून ऊन आलं आणि ट्यूबभोवतीची वाफ पेटल्यासारखी नारिंगी झाली. मी शटर दाबत राहिले. काठाला लागल्यावर त्यांनीच विचारलं, “ताई, फोटू काढला का?”

“काढला, काका. चालेल ना?”

“चालंल की. पन मला दावा.”

दाखवला. त्यांनी स्वतःकडे बघितलंच नाही. जाळं नीट दिसतंय का ते पाहिलं आणि म्हणाले, “ही चिलापी दिसंना यात.” मग जाळ्यातली चिलापी मासळी हातात धरून उभे राहिले, तोही फोटो झाला. ऊन वर चढलं की धुई जाते, अजून अर्धा तास आहे, हे त्यांनीच सांगितलं आणि तसंच झालं.

मुरशेतहून उत्तरेला पाण्यापलीकडे कळसूबाईची रांग दिसते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पण इथून ते एकटं उठून दिसत नाही, रांगेतलंच एक टोक वाटतं. इथे पोलरायझर फिल्टर लावला तर आकाश गडद येतं, कारण सूर्य साधारण काटकोनात असतो. मात्र तोच फिल्टर पाण्यावरची चकाकी मारतो आणि प्रतिबिंबही फिकं पाडतो. प्रतिबिंब हवं असेल तर तो काढून ठेवायचा. मी काढूनच ठेवला.

रतनवाडीला जास्तीत जास्त वेळ द्यावा असं माझं मत आहे. लोक अमृतेश्वराला नमस्कार करून, पुष्करणीपाशी सेल्फी काढून पुढे निघतात. हे शिखर भूमिज शैलीतलं आहे. खालपासून वरपर्यंत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेल्या आहेत. भर दुपारी ते सपाट दिसतं. साडेनऊच्या सुमारास दक्षिण-पूर्वेकडून तिरपं ऊन आलं की प्रत्येक छोट्या शिखराची सावली शेजारच्यावर पडते आणि दगडाला खोली येते. मी एका जागी ट्रायपॉड लावून ऊन सरकताना बघत बसले. खालच्या थरातली एक झिजलेली आकृती आधी दिसतच नव्हती. ऊन तिच्यावरून घसरत गेलं तेव्हा कमरेचं वळण आणि उचललेला हात उमटला आणि थोड्या वेळात पुन्हा दगडात गेला. पुष्करणीच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. तिथे ऊन सरळ पोचत नाही, त्यामुळे उजेड मऊ असतो. तिथे कॅमेऱ्याची घाई करू नये आणि फ्लॅश तर अजिबात मारू नये.

देवळामागे रतनगड आणि त्याच्या बाजूचा खुटा नावाचा सुळका. प्रवरा याच डोंगरात उगम पावते. गडावर जायला अख्खा दिवस लागतो, त्यामुळे फेरीच्या दिवशी तो खालूनच बघायचा.

गावात एका घरी जेवायला सांगून ठेवलं होतं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा. मावशी चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या आणि कौलांच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा धुरात उभा राहिला होता. मी विचारून एकच फोटो घेतला आणि कॅमेरा पिशवीत ठेवून जेवले. गरम भाकरी समोर असताना फोटो काढत बसणं मला पटत नाही.

साम्रदला सांदणच्या घळीत आम्ही पहिल्या पाण्याच्या डोहापर्यंतच गेलो. हिवाळ्यात दुपारीही सूर्य माथ्यावर येत नाही, दक्षिणेकडेच झुकलेला राहतो, त्यामुळे घळीच्या तळाशी थेट ऊन कमी आणि भिंतीवरून उसळून आलेला उजेड जास्त असतो. दगड तांबूस उजळतो. गावातला माणूस वाट दाखवायला घ्यावा. पाण्याचा आणि सैल दगडांचा अंदाज त्यांनाच असतो.

घाटघरला चारच्या आत पोचणं महत्त्वाचं. उत्तरेला अलंग, मदन, कुलंग हे तिघे ओळीने उभे असतात आणि कलत्या उन्हात त्यांच्या कड्यांचे थर मोजता येतील इतके स्पष्ट होतात. घाटघरच्या कोकणकड्यावर गेलं की खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळचं पाणी दिसतं. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाचा तो खालचा जलाशय. मागणी जास्त असते तेव्हा घाटघरच्या वरच्या जलाशयातलं पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज करायची आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने वर चढवायचं, असं तिथलं चक्र आहे. हे माहीत असलं की त्या दोन पाण्यांकडे बघण्याची नजरच बदलते. मी दोन्ही वेगवेगळ्या चौकटींत घेतली.

कड्यावर वारा असतो. ट्रायपॉडचे पाय आखूड ठेवून मधे बॅग लटकवली. इथे रुंद लेन्सचा मोह होतो, पण चांगले फोटो सत्तर-दोनशे मिमीच्या लांब लेन्सवरच मिळतात. कोकणातल्या धुरकट हवेमुळे डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात आणि लांब लेन्स त्यांना जवळ आणून बसवते. सहाच्या थोडं पुढे सूर्य गेला आणि आजूबाजूची बहुतेक मंडळी गाड्यांकडे वळली. खरे रंग त्यानंतर आले: आधी जांभळा, मग खालच्या गावांतले दिवे आणि त्यावर निळसर राखाडी. दादा कठड्याला टेकून उभा होता. तो सहसा फोटोंबद्दल बोलत नाही. “थांब अजून,” एवढंच म्हणाला.

परतीला पांजरे, उडदावणे अंधारात गेलं. रस्त्यावर गुरं बसलेली असतात, त्यामुळे गाडी हळूच. काठावरच्या तंबूंतून मोठ्याने गाणी लागली होती, पाण्यावरून आवाज लांबवर जात होता. या गावांना झोपायचं असतं, जंगलालाही. तंबूवाल्यांनी हे पाळायला हवं आणि आपण जाणाऱ्यांनी ते मागायला हवं.

ज्यांचे फोटो घेतले त्यांना प्रिंट द्यायचे, हे मी पाळते. काकांचे दोन्ही प्रिंट, ट्यूबवरचा आणि चिलापीचा, शेंडीतल्या चहाच्या टपरीवर पोचवले. आठवड्याभराने टपरीवाल्या भाऊंचा फोन आला. काका शेजारीच उभे होते. म्हणाले, चिलापीचा घरात लावलाय. पाणी खाली गेलं की उडदावण्याच्या बाजूला बुडालेल्या झाडांची खोडं उघडी पडतात आणि त्यांच्यावर पाणकावळे बसतात, तेव्हा या. मार्चातली एक सुट्टी काढून ठेवायला मी दादाला सांगितलं आहे.