थाळनेरच्या मातीचं धाबं

आमच्या जुन्या घराचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरच्या किल्ल्याच्या मातीचं होतं. अखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की अण्णा गाडी जुंपून किल्ल्याच्या उतारावर जायचे, पांढरी माती भरून आणायचे. माय ती धाब्यावर पसरायची, धुम्मसानं, म्हणजे जड ठोकण्यानं, ठोकायची. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं फाटते. पांढरी घट्ट बसते. म्हणून आमच्यासारख्या कितीतरी गाड्या तिथे लागलेल्या असायच्या.

गेल्या दिवाळीनंतर अण्णांना घेऊन पुन्हा गेलो. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला थाळनेर पटकन किल्ला वाटतच नाही. कातळ नाही, चढण नाही. तापीची उंच दरड आहे, आणि तीच किल्ला आहे. दक्षिणेला खाली थेट नदीचं पात्र, उरलेल्या तिन्ही बाजूंना खोल घळ. १८१८ साली इंग्रज फौज आली तेव्हा त्या घळीतून तट सुमारे ६० फूट उंच दिसत होता. आतली जमीन मात्र जवळपास तटाच्याच उंचीची. म्हणजे भिंत बांधली ती दरडीला धरून.

इथेच का बांधला, ते अण्णांनी एका वाक्यात सांगितलं. पात्राकडे हात करून म्हणाले, "आठेन गाडा उतरेत." म्हणजे, इथून गाड्या नदीत उतरायच्या. सुरत-बुऱ्हाणपूरचा व्यापार याच तापीच्या खोऱ्यातून चालायचा. नदी ओलांडायची जागा ज्याच्या हातात, त्याच्या हातात रस्ता. १३७० साली फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेर आणि करवंद जहागीर दिले आणि त्यातून खानदेशात फारुकी घराण्याचं राज्य उभं राहिलं. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला डोंगरावरून वाट राखतो, थाळनेर पाण्याच्या काठावरून. गावाजवळ फारुकींच्या कबरी आहेत. त्यातली आठकोनी, कोरीवकामाची अवश्य पाहा.

१८१८च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनापती थॉमस हिस्लॉपने किल्ला घेतला, किल्लेदाराला फाशी दिली, आतल्या शिबंदीची कत्तल केली. किल्ल्याच्या दरवाजाकडच्या वाटेवर मी बराच वेळ उभा होतो. आता तिथे बाभळी आहेत.

पावसानं कापलेल्या एका कडेला वाकून पाहिलं. खाली पिवळसर गाळ, त्यावर राखेचा बोटभर काळा पट्टा, मग विटांचे तुकडे, खापरं, हाडाचा एक चुरा. हात लावला तर मूठभर माती घसरली. पाऊस ती दरवर्षी अशीच नेतो, आणि बरीचशी आम्हीही नेली. कुणी थांबवलं नाही, कारण आम्हाला ती माती वाटायची, किल्ला नाही. तट दुरुस्त करण्याआधी ती दरड धरून ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. दरड गेली तर तट उभा राहायला जागाच उरत नाही.

आम्ही स्लॅबचं घर बांधलं तेव्हा धाब्याची माती उतरवली. दोन ट्रॉल्या निघाली. नदीकडच्या शेतात टाकली. कपाशी निंदताना मायला त्या तुकड्यात अजून बांगडीची काच सापडते, निळी, जाड. ती ओट्यावरच्या वाटीत ठेवते.