आंब्याचं ऑनलाइन दुकान क्लाउडवर नेताना

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. हापूसच्या पेट्या, कोकम आगळ, आंबापोळी, काजूगर ऑनलाइन विकणाऱ्याची वेबसाइट जर गोदामामागच्या खोलीतल्या सर्व्हरवर असेल, तर अशा वेळी मालही अडकतो आणि दुकानही बंद पडतं. माल अडकण्यावर इलाज नाही, दुकान बंद पडण्यावर आहे: वेबसाइट क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर, न्यायची. मात्र दिवसाला दहा-वीसच ऑर्डर येत असतील तर हे पुढचं सगळं सोडा आणि तयार ऑनलाइन स्टोअर भाड्याने घ्या. उगाच हत्ती पोसू नका.

बाकीच्यांनी क्लाउडचं खातं उघडण्याआधी एक काम करावं. जुन्याच सर्व्हरवर कोड हाताने चढवणं बंद करावं. एफटीपीने (फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने) एखादी फाइल टाकली, थेट सर्व्हरवर नॅनो हा एडिटर उघडून एखादी ओळ बदलली, अशा बदलांची नोंद कुठेच नसते. पीएचपी या भाषेचं कुठलं एक्स्टेंशन कधी टाकलं, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या यादीत) काय काय आहे, हे फक्त त्या मशीनला ठाऊक असतं. सगळा कोड गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) आणा, तो ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्या डॉकरफाइलमध्ये लिहा (तिच्यावरून ॲपचं सगळ्या सामग्रीसकट गाठोडं, म्हणजे इमेज, बनते), पासवर्ड कोडमधून काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये, ठेवा. जुनं मशीन त्या डॉकर इमेजवर पंधरा दिवस सुरळीत चाललं, की क्लाउड म्हणजे त्याच पाइपलाइनचा (कोड आपोआप तपासून सर्व्हरवर चढवणाऱ्या साखळीचा) दुसरा पत्ता. हे न करता मशीनची जशीच्या तशी नक्कल वर नेली, तर जुना गोंधळच नव्या भाड्याने चालवायचा.

मुहूर्ताचंही बघावं लागतं. मिरगानंतर धंदा थंड असतो म्हणून स्थलांतर तेव्हा करू, असं वाटतं खरं, पण नेमकी तेव्हाच लाइट आणि फायबर यांचा भरवसा नसतो. मग गणपती, पाठोपाठ दिवाळी. जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याचं आगाऊ बुकिंग सुरू होतं. म्हणजे उरले नोव्हेंबर-डिसेंबर. फोटो आणि जुने बॅकअप मिळून १०० जीबी असतील आणि लाइनचा अपलोड वेग १० एमबीपीएस असेल, तर सगळं सुरळीत चाललं तरी बावीस-तेवीस तास लागतात. त्यामुळे फोटो एस-थ्रीवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या फाइलींच्या कोठारात) आधीच हलवावेत, तुटलं तर तिथूनच पुढे चालू होईल अशा सिंक कमांडने, आणि शेवटच्या रात्री फक्त फरक पाठवावा.

ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई रीजन (डेटा सेंटरांचा समूह) २०१६ पासून आहे आणि २०२२ पासून हैदराबादही. दुकान मुंबईत, बॅकअपची प्रत हैदराबादला, इतकं पुरे. नेटवर्क, डेटाबेस, लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या वाटून देणारा) सगळं टेराफॉर्ममध्ये (ही मांडणी कोड म्हणून लिहायच्या साधनात) लिहा. कन्सोलवर क्लिक करून केलेली गोष्ट सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. नॅट गेटवेचं (आतल्या सर्व्हरांना इंटरनेटवर नेणाऱ्या दाराचं) बिल मात्र सुरुवातीपासून बघत राहा: तासाचं भाडं वेगळं आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीचं वेगळं. एस-थ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट (थेट आतली वाट) फुकट मिळतो, तो लावला की फोटोंची ये-जा नॅटमधून होत नाही. त्याच नॅटचा स्थिर आयपी कुरिअर आणि एसएमएस कंपनीला आधी कळवून ठेवा. त्यांच्याकडे जुना आयपी नोंदलेला असेल तर ओटीपी जाणारच नाहीत. ईमेलचंही तसंच. ईसीटूवरून (ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवरून) मेल पाठवायचं पोर्ट २५ मुळात बंद असतं, आणि ॲमेझॉनची मेल सेवा एसईएस सुरुवातीला सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीपुरती, असते: दिवसाला २०० मेल, तेही फक्त पडताळलेल्या पत्त्यांवर. त्यातून बाहेर येण्याचा अर्ज दोन आठवडे आधी टाका.

पाइपलाइन साधी ठेवावी. मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) कोड आला की गिटहब ॲक्शन्स (गिटहबची स्वयंचलित सेवा) टेस्ट चालवतं, इमेज बनवतं, तिला कमिटच्या हॅशचं (त्या बदलाच्या ओळखक्रमांकाचं) टॅग लावतं आणि ईसीएसला (कंटेनर, म्हणजे चालू इमेज, सांभाळणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेला) ती इमेज उचलायला सांगतं. ‘लेटेस्ट’ टॅग वापरू नका. काल रात्री नेमकं काय चालू होतं हे त्यावरून सांगता येत नाही, आणि मागे जायचं तर कशावर जायचं तेही कळत नाही. क्लाउडच्या कायमच्या चाव्या (ॲक्सेस की) गिटहबमध्ये ठेवण्याऐवजी ओआयडीसीने (ओळख पटवण्याच्या पद्धतीने) तात्पुरती परवानगी द्या. ईसीएसचं सर्किट ब्रेकर रोलबॅकसकट चालू करा, म्हणजे फसलेलं डिप्लॉय (नवा कोड चढवणं) थांबून आपोआप जुन्यावर परत जातं. लोड बॅलन्सर जुन्या कंटेनरला सोडायला मुळात ३०० सेकंद थांबतो, ते साठवर आणलं तर डिप्लॉय रेंगाळत नाही.

हेल्थ चेकमध्ये (कंटेनर ठीक आहे का हे पाहणाऱ्या तपासणीत) पेमेंट गेटवेला विचारणा करू नका. गेटवे पाच मिनिटं बंद पडला की तुमचे सगळे कंटेनर आजारी ठरतात, एकामागून एक मारले जातात, आणि साधा कॅटलॉगही दिसेनासा होतो. शिवाय डिप्लॉय चालू असताना जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर शेजारी-शेजारी चालतो हे ध्यानात ठेवा. कॉलमचं नाव थेट बदललं तर जुना कोड लगेच कोसळतो. आधी नवा कॉलम वाढवा, दोन्हीकडे लिहा, आणि जुना पुढच्या खेपेला काढा.

डेटाबेसमध्ये खरा त्रास मराठीचा असतो. जुन्या पीएचपी साइटवर टेबल लॅटिन-१ चं (रोमन लिपीच्या जुन्या संकेतनाचं) आणि आत बाइट्स यूटीएफ-८ चे (सगळ्या लिप्यांच्या संकेतनाचे), असा प्रकार सर्रास सापडतो. साइटवर ‘देवगड हापूस’ नीट दिसतं, कारण लिहिताना आणि वाचताना चूक सारखीच होते. डम्प (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत) नव्या डेटाबेसमध्ये भरला की त्याच जागी कचरा दिसतो. हे जुन्याच सर्व्हरवर, प्रत घेऊन, दुरुस्त करा: कॉलम आधी व्हारबायनरी (नुसते बाइट्स) करायचा आणि मग यूटीएफ-८ एमबी-४. थेट बदललात तर मायएसक्यूएल (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) आधीच बिघडलेली अक्षरं इमानदारीने पुन्हा बिघडवतं. मायएसक्यूएलच्या साध्या, तीन बाइटांच्या यूटीएफ-८ वर समाधान मानू नका. देवनागरी तीन बाइटांत बसते, पण ग्राहकाने पत्त्याच्या टिपणीत टाकलेला इमोजी चार बाइट मागतो आणि ऑर्डर सेव्ह होताना एरर येते. व्ह्यू आणि ट्रिगरमधलं डिफायनरही (ते बनवणाऱ्या युजरचं नाव) डम्पमधून काढा, आरडीएसवर (ॲमेझॉनच्या भाड्याच्या डेटाबेसवर) सुपर हक्क मिळत नाही म्हणून आयात तिथेच अडते.

वेळेचा घोळ वेगळाच. कंटेनर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर) चालतात. सकाळी सहाला निघणारी पॅकिंगची यादी मग साडेअकराला निघते, तोवर मुंबईची गाडी महामार्गाला लागलेली असते. जुना डेटा भारतीय वेळेत साठवलेला असेल तर आरडीएसच्या पॅरामीटर ग्रुपमध्ये (सेटिंगच्या संचात) एशिया/कलकत्ता लावा आणि कंटेनरमध्येही तेच. क्रॉन मात्र प्रत्येक कंटेनरमध्ये ठेवू नका, नाहीतर एकाच ग्राहकाला तीन एसएमएस जातात. ती कामं इव्हेंटब्रिजवरून (ॲमेझॉनच्या वेळापत्रक सेवेवरून) एकदाच चालवा.

सर्वांत जास्त विसरलं जातं ते गोदामातलं लेबल प्रिंटर. जुन्या कोडमध्ये ते १९२.१६८ च्या घरगुती पत्त्यावर असतं, आणि मुंबईतल्या कंटेनरला तो पत्ता दिसतच नाही. प्रिंटर इंटरनेटवर उघडा करू नका. गोदामातल्या साध्या पीसीवर छोटा प्रोग्राम ठेवा, तो दर काही सेकंदांनी सर्व्हरकडून लेबलांची रांग मागून घेईल आणि छापेल. दुसऱ्या कंपनीचं मोबाइल डेटाचं डोंगल जोडून ठेवा, आणि पहाटेची यादी पीडीएफ म्हणून त्याच पीसीवर उतरू द्या.

अदलाबदल मंगळवारी किंवा बुधवारी रात्री एकनंतर करा. डीएनएसचा (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी जपून ठेवायचा काळ, २४ तासांचा असेल तर दोन दिवस आधी साठ सेकंदांवर आणा. जुन्या डेटाबेसवरून आरडीएसकडे बिनलॉग रेप्लिकेशन (प्रत्येक बदल तिकडेही उतरवणं) आधीच चालू हवं. त्या रात्री साइटवर ५०३ चं (‘सध्या बंद’ सांगणारं) पान लावा आणि जुना डेटाबेस फक्त वाचण्यापुरता ठेवा. ॲप डेटाबेसला रूट (सगळे हक्क असलेल्या) युजरने जोडलं असेल (आणि बहुधा असतंच) तर रीड-ओन्ली त्याला रोखत नाही, सुपर-रीड-ओन्ली लावावं लागतं. रेप्लिकेशन शून्य सेकंद मागे आहे हे पाहून ते तोडा, ऑर्डरचे क्रमांक हजारभर पुढे सरकवा म्हणजे मागे फिरायची वेळ आली तरी पावत्या एकमेकींत मिसळत नाहीत, आणि डीएनएस बदला. काही नेट कंपन्या टीटीएल पाळत नाहीत, म्हणून जुन्या मशीनवरच्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरने उशिरा येणारे सगळे नव्याकडे वळवावेत. त्या तासाभरात यूपीआयवर अर्धवट राहिलेले पैसे सकाळी गेटवेच्या अहवालाशी ताडून पाहा.

अक्षय्य तृतीयेला ऑटोस्केलिंगच्या (गर्दीनुसार कंटेनर आपोआप वाढण्याच्या) भरवशावर राहू नका. व्हॉट्सॲपवर ‘पेट्या उपलब्ध’ असा निरोप गेला की मिनिटभरात झुंबड उडते, आणि नवे कंटेनर उभे राहायला काही मिनिटं लागतात. निरोपाआधी अर्धा तास वेळ लावून कंटेनर वाढवा. त्याआधी हिशेब करा: बारा कंटेनर आणि प्रत्येकाच्या डेटाबेसला तीस जोडण्या म्हणजे ३६०. चार जीबी मेमरीच्या आरडीएसला तेवढ्या झेपत नाहीत.

जुनं मशीन महिनाभर तसंच चालू ठेवा. मग डिस्क पुसा, पण त्याआधी जुन्या टेबलांत कार्डांचे नंबर आहेत का ते शोधा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ते साठवायला मनाई आहे, आणि तुमच्या नव्या बॅकअपमध्येही ते गेलेले असू शकतात.