पुढे खडेच नाहीत!

बँकेतून निवृत्त झाले आणि शेजारणीने ओढतच पर्वती पायथ्याच्या अंगणवाडीत नेलं. पहिलीत जाणाऱ्या मुलांचा शाळापूर्व तयारी मेळावा होता. २०२२ मध्ये राज्यभर ‘पहिले पाऊल’ नावाने सुरू झाला, तोच. माझ्याकडे गणनपूर्व तयारीचं टेबल. लहान-मोठं, कमी-जास्त, खडे मोजणं.

एक पठ्ठ्या पाचापर्यंत मोजून थांबला.

‘पुढे?’

‘पुढे खडेच नाहीत.’

खरंच, मी पाचच ठेवले होते! (आणि म्हणे आयुष्यभर रोकड मोजली.)

खरं काम आयांचं. सेविकाताईंनी त्यांचे गल्लीवार माता गट केलेत. भाजी निवडताना काड्या मोजायच्या, घड्या घालताना मोज्यांच्या जोड्या लावायच्या. वर्कशीटपेक्षा मला हे पटतं.

गुरुवारी पुन्हा जायचंय. चिंचोके हवेत, आहेत का कुणाकडे?