आत्याचं लंडन

परवा दुपारी भाच्यानं त्याच्या लंडनच्या सहलीचा तक्ता पाठवला. कौतुकानं वाचत होते, तर एका ओळीशी डोळा अडकला. मुक्काम: हॉटेल. अरे, तिथं तुझी चुलतबहीण राहते ना? फोन केला. "मावशी, उगीच त्यांना कशाला त्रास?" मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच मला आवडला नाही.

आमच्या लहानपणी परदेश म्हणजे नातेवाईक. 1985च्या मे महिन्यात आम्ही आत्याकडे लंडनला गेलो, ते कळवून गेलो, विचारून नव्हे. बाबांनी निळ्या एरोग्रामवर विमानाची वेळ, सामानाचं वजन, सगळं बारीक अक्षरात लिहिलं आणि जागा संपल्यावर समासात आडवं घातलं, 'सोय होईल ना?' उत्तर येईपर्यंत तिकिटं निघालीसुद्धा होती.

तेव्हा पौंडाला पंधरा-सोळा रुपये पडायचे. बाबांनी सोळा धरले, कारण पाढा पाठ. आई दुकानात सात पौंडांचा स्वेटर नुसता हातात घ्यायची आणि मागून आवाज यायचा, "बारोदरसे!" म्हणजे एकशे बारा रुपये. स्वेटर परत घडीत. आत्याच्या घरी गॅसच्या मीटरमध्ये नाणं टाकलं की पाणी तापायचं. पन्नास पेन्सांचं ते सातकोनी नाणं टाकायला मिळावं म्हणून दादाची आणि माझी मारामारी चाले. बाबांनी मात्र त्याचाही हिशेब केला, नाण्यामागे आठ रुपये. दुसऱ्या दिवसापासून ते गार पाण्यानं आंघोळ करू लागले आणि पुढचा सगळा मुक्काम खोकले. मीटरवर चहाचा एक रिकामा डबा असे, त्यात नाणी असत. ती संपत कशी नाहीत, हे आम्हाला कोडं होतं. खरं तर नव्हतंही. कोडं पडायला आधी प्रश्न पडावा लागतो.

बाबांनी घड्याळही बदललं नाही. भारताची वेळ लावलेलं घड्याळ उलटं धरलं की ग्रिनिचची वेळ दिसते, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. साडेपाच तासांचा फरक, त्यामुळे ढोबळमानानं जमतंही. फक्त उन्हाळ्यात इंग्रज आपली घड्याळं तासभर पुढं सरकवतात, हे त्या वाचनात नसावं. त्यामुळे आम्ही सगळीकडे तासभर उशिरा पोचायचो, फाटकं बंद होता होता. ग्रिनिचच्या वेधशाळेत पितळी रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून बाबांनी आम्हाला ग्रिनिचची रेषा शून्य रेखांश ठरवणाऱ्या 1884च्या परिषदेवर व्याख्यान दिलं. तेवढ्यात छपरावरचा लाल गोळा एकच्या ठोक्याला खाली आला. बाबांनी मनगट वळवलं. बारा. "यांचाच गोळा तासभर पुढं आहे," ते म्हणाले. शास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं बरोबरच होतं, यावर ते अखेरपर्यंत ठाम होते.

मला मात्र त्या सहलीतलं सगळ्यात मोठं नवल वाटलं ते संध्याकाळचं. रात्री नऊ वाजले तरी लख्ख उजेड! अंथरुणात पडून पडद्याच्या फटीतून बघत राहायचं. आत्या त्या वेळी कोट चढवून बाहेर पडायची. एका इस्पितळात कामाला होती. आम्हाला दिवसा फिरवता यावं म्हणून तिनं रात्रपाळी मागून घेतली होती. सकाळी यायची, आमचा चहा करायची, डबे भरायची आणि पुन्हा आमच्यासोबत निघायची. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून तिचा डोळा लागायचा, पण आपला थांबा आला की बरोबर जागी. मी दादाला एकदा विचारलंही, आत्या झोपते कधी? तो म्हणाला, इथं सूर्यच मावळत नाही, तर झोपणार कधी? ते आम्हा दोघांना पटलं.

टॉवर ऑफ लंडनमध्ये कोहिनूर पाहिला. राजमातेच्या 1937च्या मुकुटात तो बसवलाय. काचेसमोर उभं राहून बाबा "हा आपला" असं कुजबुजले, म्हणजे आजूबाजूच्या दहा जणांना ऐकू गेलं. पहारेकरी पुढं चला, पुढं चला म्हणत होता.

पुढं बऱ्याच वर्षांनी आत्या आमच्याकडे आली होती. तोवर मामेसासरे, शेजारी, शेजाऱ्यांचे जावई असे कितीतरी जण तिच्याकडे राहून आले होते. आमच्या ओट्यावर ती मटार सोलत होती. मी सहज विचारलं, "आत्या, तू तर कोहिनूर पन्नास वेळा पाहिला असशील?"

"मी?" ती म्हणाली. "टॉवरला गेले पुष्कळदा. आत नाही गेले गं कधी. बाहेर तुमच्या पिशव्या कोण सांभाळणार?"